राबाची राख आणि पाटीदप्तर

पहिल्या पावसाने मातीचा वास सुटला की यंत्रमागावर किंवा गोदामात राबणारा भिवंडीकर मनाने गावच्या बांधावर जाऊन पोहोचतो. वाचकहो, आमचेही तसेच होते. आमचे बालपण भिवंडी तालुक्यातल्या भातशेतीत गेले. शेत आमचे नव्हते, राबणे मात्र आमचे होते!

हे राबणे पावसाच्या आधीच सुरू व्हायचे. चैत्र-वैशाखात राब भाजायचा. शेण, डहाळ्या, पालापाचोळा, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याचा रोख पाहून पेटवायचे. तणाचे बी जळते, राखेने रोप जोमाने येते, एवढे शेतीशास्त्र आम्हाला मुळाक्षरांच्या आधीच पाठ होते. पाला आणायला आम्हा पोरांना रानात पाठवीत. आम्ही करवंदांच्या जाळीतच जास्त रमायचो. "मोळी एवढीशीच कशी रे?" असे आईने विचारले की सगळी तोंडे बंद. तोंड उघडले तर जांभळ्या जिभा दिसतील ना!

मृगात पेरणी. जोराचा पाऊस झाला की वलगणीचे मासे ओढ्यातून शेतात चढत. मोठी माणसे बत्ती घेऊन निघाली की आम्ही टोपल्या घेऊन मागे. त्या रात्री घरोघरी कालवणाचा वास दरवळायचा.

आषाढात खरी धांदल. रोपे उपटून त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि चिखलात लावणाऱ्या बायांपर्यंत फेकायच्या, हे पोरांचे काम. जुडी नेमकी कोणाच्या तरी इरल्याजवळ आपटली की चिखलाचा सपकारा उडे, मग शिव्या आणि हसू एकदमच. बांधातल्या बिळात हात घालून खेकडे काढायचे. बोटाला डंख बसला तरी रडायचे नाही, ही पैज! कापणीनंतर खळ्यावर भारे झोडले जात आणि पेंढ्याच्या ढिगावरून घसरगुंडी चाले.

ही झाली गंमत. पण वाचकहो, आठवणीची दुसरी बाजू झाकून ठेवली तर ती मुलांची फसवणूक ठरेल. दिवसभर चिखलात उभे राहून आईच्या पायांना चिखल्या पडत. रात्री ती बोटांच्या बेचक्यांत तेल-हळद भरायची आणि सकाळी पुन्हा त्याच चिखलात. मजुरी मिळे ती पायलीने मोजून भात. मालकाच्या अंगणात आमचा चहा करवंटीत, पाणी वरून ओंजळीत. थोरली बहीण बांधावर झोळीतले मूल सांभाळी. तिची शाळा त्या झोळीपाशीच संपली. धाकट्यांच्या बाबतीत मात्र आई हट्टाला पेटली. "रोप चार दिवसांनी लावता येतं, शाळेचं वय पुन्हा येत नाही," असे म्हणून तिने आम्हाला लावणीच्या दिवसांतही शाळेत धाडले.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाल सिद्धार्थ वडिलांच्या शेतावर जातो, तो प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. उन्हात उघड्या अंगाने राबणारे मजूर पाहून, एकाने दुसऱ्याच्या श्रमावर जगावे हे योग्य कसे, असा प्रश्न त्याला पडतो. तोच सिद्धार्थ वप्रमंगलाच्या दिवशी स्वतः नांगर धरतो. श्रमाची लाज नाही. लुबाडणुकीची चीड मात्र हवी!

कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कुळांना मालकीची वाट करून दिली. पण ज्याचे नाव कूळ म्हणूनही कागदावर नव्हते, त्या मजुराच्या हाती विळाच राहिला. म्हणूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले.

आज काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोलीच्या बाजूला भाताच्या खाचरांवर गोदामांचे पत्रे चकाकतात. आमची मुले तिथे हमाली, पॅकिंग करतात. काही हिशेबनीसही झाली. बांध गेला, पण बांधावरची झोळी गेली का? पावसाळा संपला की कातकरी कुटुंबे तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर येतात. त्यांची पोरे विटा उलटतात, धाकट्याला सांभाळतात. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. तरी भट्टीवरच्या पोरीला तो कोणी सांगायचा?

तेव्हा माता-भगिनींनो, मुलांना चिखलातली मजा जरूर सांगा, करवंदांच्या चोऱ्याही सांगा. चिखल्या आणि करवंटीही सांगा. आणि तुमच्या वस्तीजवळ भट्टी असेल तर एका रविवारी तिकडे चक्कर मारा, शाळेबाहेरच्या पोरांची नावे लिहून घ्या आणि सोमवारी जवळच्या शाळेच्या गुरुजींच्या हाती ती यादी द्या. आमच्यासाठी आई हट्टाला पेटली होती. त्या पोरांसाठी आपण पेटू या!