चाळण आडवी डोलते तेव्हा

खडी क्रशरवरची चाळण आडवी डोलू लागली की बहुतेक प्लांटवर दोनपैकी एक गोष्ट होते. स्प्रिंग बदलल्या जातात, नाहीतर बाजूच्या प्लेटला पट्टी वेल्ड केली जाते. या दोन्ही सवयींविरुद्ध आम्हाला स्पष्ट लिहायचं आहे. पावसाळा संपून प्लांट पुन्हा पूर्ण क्षमतेने सुरू होण्याच्या दिवसांत चुकीच्या जागी केलेली दुरुस्ती हंगामभर भोवते.

आपल्याकडे खडीसाठी सर्रास वापरली जाते ती उतरती, एका शाफ्टची, वर्तुळाकार हालचालीची चाळण. शाफ्टवरच्या असंतुलित वजनांचं बल उभ्या पातळीत, माल वाहतो त्या दिशेला धरून फिरतं. डावी-उजवीकडे ढकलणारं त्यात मुळात काही नसतं. त्यामुळे ठळक आडवी हालचाल दिसली, तर कुठेतरी बल एका बाजूला पडलंय, आधार बिघडलाय किंवा सांगाडा स्वतःच वाकतोय. ती किती महागात पडते याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ८५० फेरे आणि टोकापासून टोकापर्यंत ३ मिलिमीटर आडवी हालचाल धरली, तर आडवा प्रवेग सुमारे १.२ जी होतो. हलणारा भाग ५ टनांचा असेल तर सुमारे ६ टनांचं बल सेकंदाला चौदा वेळा डावीकडून उजवीकडे आणि परत येत-जात राहतं. दहा तासांच्या एका पाळीत अशी ५ लाख १० हजार आवर्तनं होतात, वीस पाळ्यांत एक कोटीच्या वर. बाजूची प्लेट उभ्या भाराला खंबीर असते, पण आडवं वाकवलं तर तितकीच लवचिक. म्हणून चिरा पडतात त्या आडव्या बीमच्या जोडाशी आणि बोल्टच्या भोकांपाशी.

आता स्प्रिंगचं. स्प्रिंगवर बसलेल्या चाळणीची नैसर्गिक वारंवारता साधारणपणे मिनिटाला १२० ते २४० आवर्तनं असते. ८५० वर चालणारी चाळण त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते, आणि तिथे हालचाल ठरते ती चाळणीच्या वस्तुमानावर आणि फिरत्या वजनावर. स्प्रिंगच्या ताठरपणाचा वाटा तिथे थोडाच उरतो. सुरू होताना आणि बंद होताना मात्र चाळण या नैसर्गिक वारंवारतेतून जाते, म्हणून काही क्षण हेलकावते. तेवढं अपेक्षितच आहे. ते हेलकावे पूर्वीपेक्षा वाढले असतील तर स्प्रिंग आणि घर्षणाचे डॅम्पर जरूर तपासा. पण डोलणं पूर्ण वेगावर, सतत दिसत असेल, तर स्प्रिंगच्या नव्या संचाने ते सहसा जात नाही. स्प्रिंग तुटलेली असेल, वेटोळी एकमेकांना टेकत असतील किंवा त्यांत खडी अडकली असेल, तर गोष्ट वेगळी. तसंच मुरमाच्या भरावावर उभा केलेला आधार पावसात एका बाजूने खचला, तर चाळण कलते आणि माल त्या बाजूला धावतो. म्हणून चाळण रिकामी करून, थांबवून चारही कोपऱ्यांवर स्प्रिंगची दबलेली उंची मोजा आणि पाणसळ आडवी लावून पाहा. बदलायचीच वेळ आली तर एकटी स्प्रिंग बदलू नका. निदान त्या टोकाची डावी-उजवी जोडी तरी एकदम बदला.

खरा माग लागतो तो चार कोपऱ्यांच्या मोजणीतून. नुसता मिलिमीटरचा आकडा पुरत नाही, कोणता कोपरा कोणाबरोबर हलतो हे कळायला हवं. त्यासाठी दोन चॅनेलचा व्हायब्रेशन अ‍ॅनलायझर आणि फेजची मोजणी लागते. दोन्ही सेन्सरची तोंडं एकाच दिशेला ठेवा, नाहीतर फेज उलटी येईल आणि निष्कर्षही उलटा निघेल. सेन्सर बसवायचे ते वीज तोडून, कुलूप लावून. वाचन गार्डच्या बाहेरून.

चारही कोपरे एकाच वेळी एकाच बाजूला जात असतील तर अख्खी चाळण डोलते आहे. मग सेन्सर खालच्या आधारावर लावा. तोही त्याच तालात ठळक हलत असेल तर दोष बहुधा आधाराच्या ताठरपणात आहे. मालाच्या टोकाचे कोपरे डावीकडे आणि उतराच्या टोकाचे उजवीकडे जात असतील, तर चाळण आडव्या पातळीत पिळली जाते आहे. अशा वेळी माल बंद करून रिकामी चालवा. दोष तसाच राहिला तर शाफ्टच्या दोन्ही टोकांची वजनं मोजून जुळवा. स्ट्रोक बदलताना एका बाजूची वजनाची प्लेट काढली आणि दुसरीकडची तशीच राहिली, हे बऱ्याच ठिकाणी घडतं. रिकामी चालवल्यावर दोष गेला, तर मालाकडे बघा. बेल्ट चाळणीला काटकोनात येतो तिथे माल पलीकडच्या बाजूला फेकला जातो, आणि मोठा दगड तर हमखास. तिथे उपाय चाळणीच्या डोक्यावर करायचा: दगड दगडावर आपटून वेग गमावेल आणि पूर्ण रुंदीत पसरेल अशी फीड बॉक्स. क्रश सँडच्या प्लांटवर ओला बारीक माल एका कोपऱ्यात थापून बसतो, त्याचंही वजन लागतंच.

कोपरे ठीक, पण प्लेटचा मधला भाग जास्त हलतो, असं दिसलं तर आडवे बीम आणि बोल्ट तपासा. सगळं घट्ट असेल तर चाळण थांबवून लाकडी हातोड्याने ठोका मारा आणि प्लेटची नैसर्गिक वारंवारता मोजा. ८५० फेऱ्यांची चाळण १४.२ हर्ट्झवर चालते. प्लेट त्याच्या आसपास वाजत असेल तर अनुनाद आहे. अंदाजाने वेल्ड केलेल्या पट्टीने ताठरपणा आणि वस्तुमान दोन्ही बदलतात, आणि प्लेट अनुनादाच्या आणखी जवळही जाऊ शकते. शिवाय वेल्डच्या कडेला तापून बदललेल्या पोलादातून नवी चीर निघते. म्हणूनच चाळणीचे जोड बोल्टने बांधलेले असतात. उत्पादकाच्या लेखी संमतीशिवाय बाजूच्या प्लेटला वेल्डिंगची कांडी लावू देऊ नका.

पण तुलनेला पहिल्या दिवसाचं वाचन नसेल तर ही सगळी तपासणी अर्धीच राहते. पुढची चाळण घेताना ऑर्डरमध्येच अट घाला: चारही कोपऱ्यांचं तिन्ही दिशांतलं वाचन, रिकाम्या आणि भरल्या चाळणीवर, फेजसह, आणि आडव्या हालचालीची मान्य मर्यादा कागदावर. मोजणी होताना तुमचा फिटर तिथे उभा असला पाहिजे, आणि त्या कागदाची एक प्रत कार्यालयात नव्हे, तर त्याच्याजवळ राहिली पाहिजे.