युद्ध, तह आणि कापसाचा भाव



ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या अर्थ मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. कापसाच्या आयातीवरचा एकूण ११ टक्के कर १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ. दहा-बारा दिवस होत नाहीत तोच दुसरा कागद निघाला आणि माफीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. पहिली वेचणी घरात येण्यापासून कापसाची गाडी बाजारात उभी राहण्यापर्यंतचा बहुतेक हंगाम त्या माफीत सापडला. संसदेचे पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टला संपले. म्हणजे पहिला कागद अधिवेशन उठायच्या तोंडावर, दुसरा ते उठल्यावर. दोन्हींसाठी एकाही खासदाराला हात वर करावा लागला नाही.

आता ज्वारीचे. फेब्रुवारी २०२६ मध्ये भारत आणि अमेरिकेने व्यापाराबद्दल एक संयुक्त निवेदन काढले. अमेरिकेच्या कोणत्या शेतमालावरचा कर भारत काढील किंवा कमी करील, त्या यादीत पशुखाद्यासाठीची लाल ज्वारी आहे. आपला शाळू भाकरीचा, त्यांची लाल ज्वारी कोंबडीची, मग फिकीर कशाला, असे कोणी म्हणेल. पण कणसात दाणा असताना पाऊस लागून काळी पडलेली खरीप ज्वारी कोण उचलतो? पशुखाद्यवालाच. त्याच्या दारात उद्या बोटीतून आलेली ज्वारी स्वस्त उभी राहिली, तर आपल्या काळ्या ज्वारीला विचारतो कोण? हे निवेदन निघण्याआधीही सभागृहात मतदान झालेले नव्हते.

आयात हवी की नको, या वादात आज शिरायचे नाही. तो वाद चळवळीला नवा नाही. डंकेल प्रस्तावाच्या वेळी शरद जोशींनी खुल्या व्यापाराची बाजू घेतली, कर्नाटकात नंजुंडस्वामींनी त्याविरुद्ध रान उठवले. दोघेही शेतकऱ्यांचेच पुढारी. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. परराष्ट्राशी तह करायचा, युद्ध करायचे, कर सोडायचा, हे ठरवते कोण? आपण निवडून दिलेले सभागृह, की त्यातून निघालेले चार मंत्री आणि त्यांचे सचिव?

आम्ही कृषी पदवी घेताना जमिनीचा पोत शिकलो, बोंडअळीचे जीवनचक्र शिकलो. राज्यघटनेचे कलम २५३ आम्हाला कोणी शिकवले नाही. कापसाच्या भावाशी त्याचा संबंध बोंडअळीइतकाच जवळचा आहे.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्याची आणि दोघांची सामाईक अशा तीन याद्या आहेत. राज्याच्या यादीत १४ वी नोंद शेतीची: शेती, शेतीचे शिक्षण व संशोधन, कीड-रोगांपासून संरक्षण. केंद्राच्या यादीतली १४ वी नोंद परदेशांशी तह आणि करार करण्याची व ते अमलात आणण्याची. दोन चौदा नंबर एकमेकांसमोर उभे आहेत. झुंज लागली तर कोण जिंकणार, ते कलम २५३ सांगते: करार अमलात आणण्यासाठी संसद कोणत्याही विषयावर, राज्याच्या विषयावरसुद्धा, कायदा करू शकते. शेती मुंबईच्या विधानसभेची खरी, पण शेतमालाचा करार झाला की विधानसभेने बघत बसायचे.

बरे, मग संसद तरी ठरवते का? तर तेही नाही. सही कोणी करायची आणि सहीआधी सभागृहाला विचारायचे का, याबद्दल घटना गप्प आहे. कलम ७३ म्हणते की ज्या विषयांवर संसद कायदे करू शकते, त्या विषयांत केंद्र सरकारचा कारभार चालतो. तह करण्याची रीत बांधून देणारा कायदा संसदेने कधी केलाच नाही. रिकामे रान दिसले आणि मंत्रिमंडळाने त्यात औत घातले. इंग्रजांचा राजा तह करताना पार्लमेंटला विचारत नसे. तो वारसा आपण स्वातंत्र्यानंतर झटकला नाही. २००२ मध्ये न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या घटना आढावा आयोगाने असा कायदा संसदेने करावा, असे सांगितले. तो अहवाल कपाटात आहे.

युद्धाचेही असेच. सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, आणि राष्ट्रपती चालणार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. लढाई सुरू करायला लोकसभेचे मत लागत नाही. सभागृहाच्या हाती तीन दोऱ्या राहतात: पैसा मंजूर करणे, प्रश्न विचारणे, आणि सरकारवरचा विश्वास काढून घेणे. या दोऱ्या ओढल्या तर किती ताण बसतो, हे सातारा-सांगलीच्या माणसांनी तरी विसरू नये, कारण त्या गोष्टीत आपलाच माणूस आहे.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. २६ तारखेला आणीबाणी पुकारली गेली. वाजपेयी तेव्हा जनसंघाचे तरुण खासदार. त्यांनी आणि इतर विरोधकांनी मागणी केली की संसद ताबडतोब बोलवा. लढाई चालू असताना, जवान बर्फात मरत असताना, पंडित नेहरूंनी ८ नोव्हेंबरला अधिवेशन घेतले. एका सभासदाने सुचवले, बैठक गुप्त घ्या. नेहरूंनी नकार दिला. एवढ्या मोठ्या प्रश्नावरची चर्चा देशासमोर झाली पाहिजे, ही त्यांची भूमिका. दीडशेहून अधिक सभासद बोलले आणि सरकारच्या तोंडावर बोलले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना त्याआधीच जावे लागले होते, आणि त्यांना घालवण्यात विरोधकांइतकाच खुद्द काँग्रेसच्या खासदारांचा हात होता. नेहरूंना ते नको होते, तरी ऐकावे लागले. मेनन यांच्या जागी आला देवराष्ट्र्यात जन्मलेला, कराडमध्ये वाढलेला माणूस. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या धावण्यामागे सभागृहाचा रेटा होता, एवढे त्यात जोडावे.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९६३ मध्ये, आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. बाजूने ६२, विरुद्ध ३४७. ठराव पडला, पण युद्धाचा जाब द्यावा लागला. आणि २ सप्टेंबरला यशवंतरावांनी पराभवाच्या चौकशीतले निष्कर्ष लोकसभेत सांगितले. इथे मात्र आपल्या माणसाचेही कौतुक आवरते घ्यावे लागते. त्यांनी सारांश सांगितला. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा मूळ अहवाल सभागृहापुढे ठेवला नाही. लढाई नुकतीच थांबलेली, तेव्हा ते कदाचित बरोबर असेल. पण साठ वर्षे उलटून गेली, एकामागून एक सगळ्या पक्षांची सरकारे येऊन गेली, तरी अहवाल सरकारने खुला केलेला नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला 'मिलिटरी' हे नाव उगाच लागलेले नाही. ज्या गावांनी घराघरातून पोरे दिली, त्यांना आपली पोरे का हरली हे कळण्याचा हक्क नाही काय?

१९६२ चा पायंडा पुढे टिकला नाही. जुलै १९८७ मध्ये श्रीलंकेशी करार झाला आणि शांतिसेना गेली. सभागृहाचे मत घेऊन नव्हे. ती १९९० मध्ये परतली, तेव्हा सुमारे १२०० जवान गमावले होते. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, लोकसभा बरखास्त होती. राज्यसभा बोलवा अशी मागणी झाली, बोलावली नाही. मे २०२५ च्या लष्करी कारवाईनंतर विशेष अधिवेशन मागितले गेले; लोकसभेत चर्चा झाली ती २८ जुलैला सुरू झाली.

सभागृहाला विचारले की सरकारचे हात बांधले जातात, असा एक युक्तिवाद नेहमी होतो. उलटेही होते. एप्रिल २००३ मध्ये इराकवरच्या हल्ल्याची निंदा करणारा ठराव लोकसभेने एकमुखाने केला. त्यानंतर अमेरिका आपले सैन्य इराकमध्ये मागत होती. जुलैमध्ये वाजपेयी सरकारने नाही म्हटले. मागणाऱ्याला 'आमचे सभागृह ऐकत नाही' हे सांगता येणे ही दुबळेपणाची गोष्ट नव्हे. गावातला शहाणा शेतकरीही व्यापाऱ्याला 'घरी विचारून सांगतो' म्हणतोच की.

आता जमीन आणि भाव यांची तुलना करा. १९५८ मध्ये नेहरूंनी बेरूबारीचा एक तुकडा पाकिस्तानला द्यायचे मान्य केले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, देशाची जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती लागेल. म्हणून नववी दुरुस्ती झाली. बांगलादेशाशी जमिनीची अदलाबदल करायलाही २०१५ मध्ये शंभरावी दुरुस्ती करावी लागली. म्हणजे सरहद्दीवरची एक पट्टी द्यायची तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते. आणि कोट्यवधी एकरांवरच्या पिकाचा भाव परदेशी कागदात बांधून द्यायचा तर एका मंत्र्याची सही!

अतिशयोक्ती वाटते? १५ एप्रिल १९९४ ला मोरोक्कोतल्या माराकेश येथे व्यापारमंत्री प्रणव मुखर्जींनी गॅटच्या करारावर सही केली. त्याआधी इंद्रकुमार गुजराल यांच्या संसदीय समितीने मसुदा तपासला होता, पण समितीचे म्हणणे सरकारवर बंधनकारक नव्हते. करार मंजूर की नामंजूर, असे मतदान संसदेत झाले नाही. त्या करारात एक हिशेब आहे: आजची आधारभूत किंमत घ्या, १९८६ ते १९८८ या काळातली बाहेरची किंमत वजा करा, उरलेला फरक म्हणजे शेतकऱ्याला दिलेला आधार, आणि तो पिकाच्या एकूण किमतीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. खते, मजुरी, डिझेल कुठून कुठे गेले, आणि तुलना राहिली १९८८ च्या किमतीशी. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत नेमका हाच हिशेब आपल्या कापसाला लावून आक्षेप नोंदवला. जे अमेरिकन सरकार आपल्या कापूस उत्पादकांना एवढी अनुदाने देते की ब्राझीलने त्याला त्याच संघटनेत हरवले, त्याने हे करावे! पण त्यांना नावे ठेवून काय? कागदावर सही आपली आहे.

सही झाल्यावर संसदेने 'नाही' म्हटले तर काय होते, तेही आपण पाहिले. पेटंटचा अध्यादेश १९९४ च्या शेवटच्या दिवशी काढला. १९९५ मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केले, राज्यसभेत ते अडले, अध्यादेश संपला. अमेरिका संघटनेत दाद मागायला गेली, १९९७ मध्ये भारत हरला, आणि १९९९ मध्ये तोच बदल करून द्यावा लागला. सौदा झाल्यावर घरातल्यांना विचारले की असेच व्हायचे.

याच करारातून एक चांगले उदाहरणही निघाले, ते सांगितले पाहिजे. वनस्पतींच्या वाणांना संरक्षण द्या, असे करारात होते. पण ते कसे द्यायचे हे त्याने देशावर सोडले होते. म्हणून कायदा करावा लागला, म्हणून तो सभागृहापुढे आला. १९९९ चे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीने साक्षी घेतल्या आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचे प्रकरण भक्कम करून परत दिले. २००१ च्या त्या कायद्याच्या कलम ३९ मुळे मालदांडीचे निवडक कणीस बाजूला काढून बी धरणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे, विकणेसुद्धा आपला हक्क आहे. फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. मंत्रालयाच्या बंद खोलीत हे कलम इतके भक्कम झाले असते, असे आम्हाला वाटत नाही.

वाटाघाटी चव्हाट्यावर होत नाहीत, हे आम्हाला मान्य आहे. आपला शेवटचा भाव आधी बोलून दाखवणारा बाजारात फसतो. लष्कराच्या हालचाली तर सांगूच नयेत. पण बोलणी गुप्त ठेवणे वेगळे आणि झालेला सौदा पक्का होण्याआधी घरात न दाखवणे वेगळे. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याप्रमाणे असा करार पक्का होण्याआधी २१ कामकाजाचे दिवस पार्लमेंटपुढे ठेवावा लागतो. ज्यांच्या राजाची रीत आपण उचलली, त्यांनी ती थोडीतरी मोडली. आपल्याकडे त्याच कराराला मंत्रिमंडळाची मंजुरी पुरते.

आयातकराच्या माफीचेही असेच. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ ने सरकार 'लोकहितासाठी' कर माफ करू शकते. कलम १५९ प्रमाणे ती अधिसूचना संसदेपुढे ३० दिवस ठेवायची; दोन्ही सभागृहे बदल करायला राजी झाली तर बदल. तोवर बोट बंदराला लागून रिकामी होऊन परत गेलेली असते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही ठराव ठेवत आहोत. शेतमालाचा समावेश असलेला प्रत्येक करार पक्का होण्याआधी त्याचा मसुदा संसदेपुढे मांडून त्यावर मतदान व्हावे. शेती राज्याचा विषय असल्याने त्याआधी विधानसभेत चर्चा व्हावी. आणि हंगामाच्या तोंडावर काढलेली करमाफी सभागृहाने ठराविक दिवसांत मंजूर केली नाही तर आपोआप रद्द व्हावी. जत, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळचे कार्यकर्ते सांगलीच्या खासदारांना भेटतील. माण आणि फलटणची मंडळी माढा मतदारसंघात येतात, त्यांनी माढ्याच्या खासदारांकडे जायचे, बाकीच्यांनी साताऱ्याच्या. प्रत्येकाला एकच प्रश्न लेखी विचारायचा: ऑगस्ट २०२५ ची कापसाची अधिसूचना सभागृहापुढे ठेवली गेली तेव्हा आपण त्यावर काय केले? उत्तर लेखीच मागायचे, आणि आलेले उत्तर गावच्या चावडीवर वाचून दाखवायचे.