लॅपटॉपवाल्या पोराला गावात जागा द्या

मागच्या मंगळवारी एका वस्तीवर हरभऱ्यातली घाटेअळी बघायला गेलो होतो. कामगंध सापळे लावून झाले, चहा आला, तेवढ्यात घरमालकांनी गाऱ्हाणं मांडलं. "साहेब, ह्याला जरा समजावून सांगा. दिवसभर खाटेवर बसून बटनं दाबतोय. लाइट आली तरी मोटर चालू करायला उठत न्हाई."

पोरगा इंजिनिअर. पुण्याच्या कंपनीत नोकरी. आठवड्यातले दोन दिवस पुण्यात, तीन दिवस घरून काम. वडील बोलत होते तेव्हा त्याची मीटिंग चालू होती, आणि पलीकडचे लोक हे सगळं ऐकत होते! मला बांधापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "साहेब, पुण्यात खोली घेऊन हेच काम केलं तर मला कुणी रिकामटेकडा म्हणणार नाही. तीच बघतोय आता."

मार्च २०२० च्या टाळेबंदीत अशी कितीतरी पोरं गावी आली. पुढे कंपन्यांनी परत बोलावलं. टीसीएससारख्या मोठ्या कंपनीने तर ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस कार्यालयात यायला सांगितलं. पण काही ठिकाणी थोडे दिवस घरून काम करायची सवलत टिकून आहे. ते दिवस पोरगा पुण्याच्या खोलीत काढणार की गावात, हे कंपनी ठरवत नाही. ते आपल्या हातात आहे.

तो राहिला तर फायदा कुणाचा? म्हाताऱ्या आईबापाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला माणूस असतं, हे तर झालंच. माझ्या कामापुरतं सांगतो. ज्या घरात असा पोरगा आहे, तिथं ठिबकचा अर्ज महाडीबीटीवर घरूनच भरला जातो. माती परीक्षणाचा कागद कोनाड्यात पडून राहत नाही. तो वाचून खताचा डोस ठरतो.

आता अडचण. वस्ती शेतीच्या फीडरवर असली तर वीज पाळीने येणार. तिथं नोकरीचं काम होत नाही. गावठाणात वीज त्यामानानं बरी, म्हणून बसायची जागा गावठाणातच हवी. सरपंच आणि भाऊसाहेब, तुमच्याकडे एखादी रिकामी खोली असेलच. शाळेची जुनी म्हणा, समाजमंदिराची म्हणा. तिथं टेबल, पाठीची खुर्ची, इन्व्हर्टर, आतून बंद होणारं दार आणि पाण्यासकट संडास एवढं करा. भारतनेटची तार ग्रामपंचायतीत आली असेल तर पेटी चालू आहे का ते आधी बघा. महिन्याला भाडं जरूर घ्या, ही पोरं देतील. फक्त तिथं पत्त्याचा डाव बसू देऊ नका. समाजमंदिरं कशी वापरली जातात ते मी फिरून फिरून पाहिलंय.

आणि ही खोली पोरांपुरती ठेवू नका. शिकलेल्या सुना आपल्या गावात थोड्या नाहीत. घरात बसून त्यांना चार तास सलग कोण मिळू देतं? घरी सून दिसली की पाहुण्याला चहा लागतोच.

कॉम्प्युटरचं काम शहरातच होतं असं नाही. तामिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात झोहो कंपनीने २०११ मध्येच कार्यालय उघडलं. आपल्याकडे कंपनी येईल असं मी म्हणत नाही. पण आलेलं माणूस तरी टिकवू.

एसटीचंही बघा. सोमवारी सकाळी पुणं गाठायचं तर पहिली गाडी लवकर हवी. नसली तर पोरगा रविवारीच निघतो, पुढे दर आठवड्याला यायचं कंटाळतो. ग्रामसभेचा ठराव करून आगार व्यवस्थापकाला भेटा.

घरच्यांना एकच विनंती. कामाचे तास विचारून घ्या, त्या वेळेत हाक मारू नका. पेरणी-काढणीला तो आपणहून रजा टाकेल. मोटरीचं म्हणाल तर मोबाईल स्टार्टर मिळतो, बसल्या जागेवरून चालू होते.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्या. त्याआधी गावात अशी किती माणसं आहेत ते मोजा. त्या वस्तीवरच्या पोराने पुण्यातल्या दोन खोल्या बघून ठेवल्यात, अजून अनामत भरलेली नाही.