मधाच्या बाटलीत साखर बसली म्हणून...

आधी एक कबुली देतो. मागच्या वर्षी ऐन थंडीत आपल्या सानगडीच्या आठवडी बाजारात एक जण जर्मनच्या गंजात मध घेऊन बसला होता. जवळच्या दोन-तीन बाटल्यांत खाली पांढरट, दाणेदार थर बसलेला. मी फोटो काढला आणि 'गुळाचा पाक मध म्हणून विकतात, सावध राहा' असं लिहून इथेच टाकला. तुम्ही तो धडाधड शेअर केला. पोरांनी त्याला हटकलं. तो एवढंच म्हणत होता, "भाऊ, थंडीनं जमलं जी. उन्हात ठेवा, पातळ होते." कोणी ऐकलं नाही. मीही नाही. त्यानंतर तो बाजारात दिसला नाही.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मधातलं ग्लुकोज थंडीत स्फटिक होऊन खाली बसतं, अस्सल मधातसुद्धा. पाण्यात टाकून पाहणे, कागदावर थेंब ठेवणे, काडी पेटवणे, मुंग्या लागतात का बघणे, या आपल्या घरगुती परीक्षांवरून भेसळ कळत नाही. त्यांतून फार तर मध घट्ट आहे की पातळ ते समजतं.

मग खरंखोटं कळतं कशानं? त्यातली मोठी चाचणी म्हणजे एनएमआर, न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. नागपूरला जाऊन एमआरआय काढलेल्यांनी याच तत्त्वाचं मशीन पाहिलेलं आहे. लोक घाबरतील म्हणून दवाखान्यातल्या नावातून 'न्यूक्लिअर' शब्द गाळला, एवढंच. यात किरणोत्सर्ग वगैरे काही नसतो.

हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक बारीक लोहचुंबकासारखं वागतं. नमुना जबरदस्त चुंबकात ठेवायचा आणि त्यावर रेडिओ लहरी सोडायच्या. एमआरआयचा चुंबक बहुतेक ठिकाणी दीड टेस्लाचा असतो, प्रयोगशाळेतला ९.४ टेस्ला किंवा त्याहून मोठा. त्याची तार उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असते. प्रत्येक हायड्रोजनच्या शेजारी कोणते अणू आहेत, त्यानुसार तो किंचित वेगळ्या सुरात उत्तर देतो. त्या सुरांचा आलेख निघतो. ग्लुकोज, फ्रुक्टोज, आम्लं, अमिनो आम्लं, सगळ्यांच्या रेषा एकाच कागदावर. नव्या औषधाचा रेणू नक्की कसा आहे हेही रसायनशास्त्रज्ञ असंच ठरवतात. मुंबईची टीआयएफआर, पुण्याची एनसीएल इथे ही यंत्रं आहेत.

आता आपल्या धानाच्या जिल्ह्याशी याचा संबंध बघा. मधात उसाची किंवा मक्याची साखर मिसळली तर जुनी कार्बनची चाचणी ती पकडते, कारण ऊस-मका सूर्यप्रकाशातून साखर बनवतात ती रीत वेगळी आहे. पण धान त्याच रीतीनं साखर बनवतं, जिनं मधमाशी जिथून रस आणते ती बहुतेक फुलझाडं बनवतात. त्यामुळे तांदळापासून केलेला पाक त्या चाचणीतून सुटतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं डिसेंबर २०२० मध्ये हेच बाहेर काढलं. त्यांनी १३ ब्रँडचे नमुने जर्मनीत एनएमआरला पाठवले, पास झाले फक्त तीन. त्याआधी त्यांनी मुद्दाम २५ आणि ५० टक्के पाक घातलेला मध आपल्याकडच्या ठरलेल्या चाचण्यांना लावला होता, तो पास झाला होता! कंपन्यांनी आरोप फेटाळले, हेही सांगितलं पाहिजे.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ऑगस्ट २०२० पासून अमेरिकेला जाणाऱ्या मधाला सरकारनं एनएमआर सक्तीची केली. देशात विकायच्या मधाला त्या वेळी ती सक्ती नव्हती. म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकासाठी चुंबक आणि साकोलीच्या गिऱ्हाइकासाठी आगकाडी.

पण नुसतं 'एनएमआर सक्तीची करा' म्हणून भागत नाही, आणि इथे कंपन्यांचा एक आक्षेप मला पटतो. मशीन आलेख काढतं, पण तो अस्सल की नकली हे आधी जमवलेल्या अस्सल मधांच्या आलेखांशी ताडूनच ठरतं. त्या साठ्यात नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातला आग्या मोहोळाचा मध नसेल, जांभूळ, करंज, पळसाचा मध नसेल, तर आपला अस्सल मध परका ठरायची भीती आहे. आधीच जंगलातल्या मधात पाणी जास्त असतं आणि नियम २० टक्क्यांचा. झाडावर चढून काढलेला मध पाण्यापायी नापास आणि कारखान्यातला पाक पास, असं होऊ शकतं.

म्हणून मागणी साधी आहे. ग्रामसभांना वनहक्क कायद्यानं मधावर हक्क मिळालेला आहे. त्याच गावांतून, हंगामात, मोहोळ उतरवताना सगळ्यांसमोर नमुने घ्या. पुण्यात मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था १९६२ पासून आहे, तिच्याकडून आपल्या जंगलाचा आलेख तयार करून घ्या. महाबळेश्वरजवळचं मांघर 'मधाचं गाव' होऊ शकतं, तर आपल्या पट्ट्यातल्या गावानं काय घोडं मारलं? एका नमुन्याला हजारो रुपये लागतात, मशीनला कोटी. मध विकणाऱ्या एकट्या माणसाच्या बसची ही गोष्ट नाही, हे शासनानंच करावं लागेल. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवा.

माझी ती जुनी पोस्ट मी आज काढली आहे. ज्यांनी ज्यांनी शेअर केली होती, त्यांनीही काढावी. आणि तो मधवाला कुठल्या बाजारात बसतो हे कोणाला माहीत असेल तर मला फोन करा. बाटल्या घ्यायच्या आहेत, जमलेल्या असल्या तरी चालतील.