तक्रार कोणाची, हे कशाला विचारता?

रात्रीचे साडेदहा वाजून गेले तरी गोरेगावातल्या एखाद्या गल्लीत डीजे दणदणत असतो, तेव्हा कुठल्या घरात आजोबा कूस बदलत असतात, तर कुठे तान्हं बाळ दचकून उठतं. फोन मात्र कोणीच करत नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. ११२ नंबरही बहुतेकांना माहीत आहे. अडतं ते एकाच ठिकाणी: पोलीस आले आणि मंडपातल्यांना कळलं की फोन आपण केला, तर? उद्या त्याच गल्लीतून पोरांना शाळेत पाठवायचं असतं.

ही भीती खरी आहे, आणि न्यायालयानेही तिची दखल घेतली आहे. कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या लाऊडस्पीकरविरुद्धच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं की, तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा आणि त्याचं नाव समोरच्याला कळू देऊ नका. त्रास असह्य होईपर्यंत माणसं सहसा तक्रार करत नाहीत, हेही न्यायमूर्तींनी नोंदवलं. माझ्या मते त्या निकालातलं हे सगळ्यात माणुसकीचं वाक्य आहे.

पण निकाल गल्लीपर्यंत पोचवतो तो बीटवरचा हवालदार. तो आपल्या ओळखीचा आहे का? गोरेगाव, बांगूरनगर, वनराई, दिंडोशी, आरे अशी पोलीस ठाणी या परिसरात आहेत, आणि आपलं घर नेमकं कोणाच्या हद्दीत येतं हे अनेकांना पासपोर्टच्या पडताळणीच्या वेळीच समजतं. शांतता समितीच्या बैठका होतात, पण बहुधा सणांच्या तोंडावर, आणि पुढच्या खुर्च्यांवर मंडळांचे पदाधिकारी असतात. ज्यांची झोप उडते त्यांना तिथे कोणी बोलावत नाही.

पोलीस आणि साध्या रहिवाशांची ही ओळख भिवंडीत वेगळ्या रीतीने घडवून दाखवली गेली आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ च्या सुमारास मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं होती, हिंदू आणि मुसलमान एकत्र बसत. नेहमीची भांडणं तिथेच मिटायची, हवालदार नावानिशी ओळखीचा व्हायचा. बाबरी मशीद पडल्यावर मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. मोठ्या संकटात उपयोगी पडला तो छोट्या कटकटींतून जमलेला विश्वास. पुढे मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी ही चळवळ वाढवली.

गोरेगावला तर असं काम अजिबात परकं नाही. समाजवादी नेत्या मृणालताई गोरे पाण्याच्या प्रश्नावर इथल्याच बायकांना घेऊन उभ्या राहिल्या. त्या बायकांना आपलं नाव लपवावं लागलं नाही, कारण त्या एकट्या नव्हत्या.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक सोसायटीच्या आणि चाळीच्या फलकावर बीट अंमलदाराचं नाव आणि नंबर लावा. बदली झाली की त्याच आठवड्यात फलकावरचं नाव आणि नंबर बदला. बैठक दर महिन्याला घ्या, सण असो वा नसो. रस्ता अडवणारी वाहनं, कोपऱ्यावर जाळला जाणारा कचरा, मैदानात रात्री रंगणाऱ्या दारूच्या पार्ट्या, हे विषय कार्यक्रमपत्रिकेवर आधी येऊ द्या. आणि पुढची बैठक पोलीस ठाण्यात नको. ती इथल्याच मोतीलालनगरच्या एखाद्या गल्लीत घ्या, संध्याकाळी साडेसातनंतर, बायका लोकलने घरी पोचल्यावर.