पैसे पोचल्यानंतरचा दुकानदार

दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाच्या पायांतली चप्पल दुकानदार आधी पाहतो आणि मग भाव सांगतो, हा आपल्यापैकी पुष्कळांचा अनुभव आहे. संगणकाच्या दुकानात तर विचारायलाच नको. काउंटरवरचा मुलगा इंग्रजीतले चार शब्द फेकतो, आपण गप्प होतो आणि तो देईल ते घेऊन बाहेर पडतो. टपालाने किंवा पार्सलने माल मागवणाऱ्याला एवढा एक फायदा असतो की त्याची चप्पल कोणाला दिसत नाही. दिसते ते फक्त नाव, पत्ता आणि पाठवलेले पैसे. (नाव आणि पत्ता वाचूनही माणूस ‘ओळखणारे’ असतात, पण तो विषय आज नको.)

तोटाही तिथेच आहे. समोरचा दुकानदार फसवू लागला तर आपण दुकानाच्या पायरीवर बसून राहू शकतो, चार माणसे गोळा करू शकतो. पार्सलवाल्याच्या पायरीवर कसे बसणार? ती पायरी दिल्लीत असते नाहीतर बंगळुरात. त्यामुळे अशा दुकानदाराची परीक्षा आपले पैसे त्याच्याकडे पोचल्यानंतर सुरू होते. जाहिरात सगळ्यांचीच गोड असते. तक्रारीचे पत्र गेल्यावर कोण काय उत्तर देतो, ते पाहायचे असते.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे जास्तच खरे आहे. साडी मागवली आणि फाटकी निघाली तर घडी उलगडताच कळते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. पूर्वी फ्लॉपी यायची. वरून ती नवीकोरी दिसायची, पण वाटेत उन्हाने किंवा एखाद्या लोहचुंबकाने आतला मजकूर बिघडला असेल तर ते संगणकात घातल्यावरच समजायचे. मग सीडी आली, तिला ओरखडे पडायचे. आता पुष्कळदा खोक्यात तबकडीच नसते. एक कार्ड असते, त्यावर आकडे आणि अक्षरे छापलेली असतात. ती म्हणजे किल्ली. खरे म्हणजे आपण विकत घेतो ती वापरण्याची परवानगी, बहुधा एक वर्षाची आणि एका संगणकापुरती. किल्ली चालली तर माल मिळाला, नाही चालली तर हातात राहिला पुठ्ठा. आणि खोके उघडल्याशिवाय किल्ली चालते की नाही हे कळत नाही. नेमका याच अडचणीचा फायदा काही विक्रेते घेतात.

आमच्या शेजारच्या एका घरात गेल्या वर्षी असेच झाले. वडील रात्रपाळीचे वॉचमन, आई चार घरची धुणीभांडी करते, मुलगी बारावी कॉमर्सला. जुना लॅपटॉप हप्त्यावर घेतला होता. त्यात व्हायरस शिरला आणि तिने केलेले दोन महिन्यांचे काम उघडेना. म्हणून तिने आठशे रुपयांचे अँटीव्हायरसचे खोके पार्सलने मागवले. आठशे रुपये म्हणजे त्या घरी काय, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. कार्डावरची किल्ली घातली तर संगणक म्हणाला, ही आधीच वापरली गेली आहे. म्हणजे खोके कोणी तरी आधी उघडून पुन्हा चिकटवलेले असावे. विक्रेत्याला कळवले तर उत्तर आले, ‘सील तोडल्यावर माल परत घेतला जात नाही.’ पुन्हा लिहिले, पुन्हा तेच छापील उत्तर. तिसऱ्या वेळी तर मुलीलाच विचारले, तुम्ही ती किल्ली दुसऱ्या कोणाला दिली नाही कशावरून?

आम्हाला सर्वांत जास्त टोचले ते हे शेवटचे वाक्य. पैसे आपण द्यायचे आणि चोरही आपणच ठरायचे!

आम्ही कारकून माणसे. आवक-जावक रजिस्टरात रोजचे हात काळे होतात. ज्या कागदावर तारीख आणि क्रमांक नाही तो कागद मेलेला, हे आम्हाला नोकरीने शिकवले आहे. म्हणून मुलीला बसवून एक साधा मराठी अर्ज लिहून घेतला. त्यात बिलाचा क्रमांक, मागणीची तारीख, पार्सल मिळाल्याची तारीख, किल्ली नाकारल्याचा पडद्यावरचा फोटो आणि ‘पैसे परत करा किंवा चालू किल्ली द्या’ ही एकच मागणी. खाली कायद्याचा उल्लेख. ज्या संकेतस्थळावरून माल घेतला होता त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला तो पाठवला आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. नवव्या दिवशी पैसे खात्यात परत आले. माफीचा एक शब्द मात्र आला नाही.

कायदा काय म्हणतो ते इथे थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की पार्सलच्या मालाला कायदाच नाही. 1986 चा जुना ग्राहक संरक्षण कायदा जाऊन 2019 चा नवा आला आणि तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्याच आठवड्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. त्यांप्रमाणे विकणाऱ्या संकेतस्थळाने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे, त्याने 48 तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि एक महिन्यात तिचा निकाल लावला पाहिजे. माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आणि कोणी म्हणालाच की सॉफ्टवेअर हा काही माल नव्हे, तर त्याला सांगावे की बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा मालच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली एका विक्रीकराच्या प्रकरणात म्हटले आहे.

पण कायद्याच्या धाकाने पैसे परत करणे म्हणजे काही चांगली सेवा नव्हे. चांगली सेवा कशी असते, याची उदाहरणे या धंद्याच्या सुरुवातीलाच सापडतात. आम्ही ती वाचली तेव्हा आम्हाला मोठी मौज वाटली.

अमेरिकेत जिम नॉफ नावाचे एक गृहस्थ आयबीएम कंपनीत नोकरीला होते. आपल्या चर्चच्या सभासदांच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापण्यासाठी त्यांनी घरच्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम लिहिला. आपल्याकडे मंडळाचा कार्यकर्ता वर्गणीदारांची यादी करतो, तसेच ते काम. मित्रांनी तो मागितला, त्यांनी दिला. मित्रांच्या मित्रांनी मागितला, त्यांनाही दिला. मग पंचाईत अशी झाली की प्रोग्राममध्ये चूक सापडली किंवा सुधारणा केली, तर ती कळवायची कोणाकोणाला? तेव्हा त्यांनी प्रोग्राममध्येच निवेदन घातले की ज्यांना हा उपयोगी वाटतो आणि पुढच्या सुधारणा हव्या आहेत त्यांनी 10 डॉलर पाठवावेत. या प्रोग्रामचे नाव पुढे पीसी-फाइल झाले. 1983 मध्ये एका मासिकात त्याच्याविषयी लिहून आले तेव्हा नॉफ कुटुंब सुटीसाठी हवाई बेटांवर गेले होते. मागे घर सांभाळणाऱ्याला रोजचे टपाल वाणसामानाच्या पिशव्यांत भरून आणावे लागत होते. कुटुंब परतले तेव्हा तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनी आयबीएमची नोकरी सोडली.

आता यात दुकानदारी कुठे आहे? तर इथे. गिऱ्हाइकाचा पत्ता या माणसाने ठेवला तो पुन्हा काही विकण्याआधी त्याला चूक कळवता यावी म्हणून. आपल्या मालात दोष आहे हे विकणाऱ्याने आपणहून टपालाने कळवायचे! आजच्या मोठमोठ्या विक्रेत्यांपैकी किती जण हे करतात ते वाचकांनीच आठवून पाहावे.

त्याच सुमारास बॉब वॉलेस यांनी लेखनासाठी पीसी-राइट नावाचा प्रोग्राम काढला. वॉलेस हे मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या नोकरांपैकी एक. त्यांची पद्धत अशी होती की तबकडी 10 डॉलरला टपालाने मिळे आणि ती दुसऱ्याला उतरवून द्यायला मोकळीक होती. ज्याला तो आवडेल त्याने 75 डॉलर भरून नाव नोंदवावे. मग त्याला छापील पुस्तक मिळे आणि फोनवर विचारायची सोय मिळे. शिवाय आपल्या तबकडीवरून दुसऱ्या कोणी नाव नोंदवले तर आपल्याला 25 डॉलर परत मिळत. म्हणजे आधी वापरून पाहा, पटले तर पैसे द्या. आणि ते पैसे द्यायचे ते अडल्यावेळी मदत मिळावी यासाठी. सील तुटले की संबंध तुटला, असला हिशोब तिथे नव्हता.

बोर्लंड नावाच्या कंपनीने 1983 च्या शेवटी टर्बो पास्कल हा प्रोग्राम मासिकात जाहिरात देऊन टपालाने विकायला काढला. किंमत 49 डॉलर 95 सेंट, जेव्हा इतरांच्या अशाच मालाला शेकडो डॉलर पडत. तिचा परवानाही साधा होता. पुस्तक जसे वापरता तसे हे वापरा, कोणाला देऊ शकता, फक्त एका वेळी एकानेच वापरावे. गिऱ्हाईक चोर आहे असे धरून चालण्याची गरज त्यांना वाटली नाही, आणि धंदा बुडाला नाही, उलट वाढला.

हे सगळे दूरदेशीचे झाले. पण टपालाने आलेल्या सॉफ्टवेअरचा एक चांगला अनुभव आमच्या अभ्यासिकेनेही घेतला आहे. 2007 च्या सुमारास कोणीतरी दिलेले दोन जुने संगणक अभ्यासिकेत होते. त्यांत घालायला विकतचे सॉफ्टवेअर घेण्याइतके पैसे नव्हते, आणि चोरीचे घालू नये असे ठरले होते. तेव्हा उबुंटू या फुकट प्रणालीच्या सीड्या जगात कोणीही मागितल्या तर त्याच्या घरी पाठवल्या जात. टपालखर्चसुद्धा घेत नसत. दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ यांनी हे काम उभे केले होते, आणि नावही तिकडच्याच भाषांतले, माणसाने माणसाशी माणुसकीने वागावे अशा अर्थाचे. आम्ही मागणी नोंदवली आणि खरे सांगायचे तर विसरून गेलो. काही आठवड्यांनी पोस्टमनकाका पाकीट घेऊन आले आणि किती पैसे द्यायचे म्हणून पोरे चिल्लर काढू लागली. काहीच द्यायचे नव्हते. आत पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या सीड्या, वर स्पष्ट लिहिलेले की ही कोणत्या संगणकावर चालेल आणि संगणकाला हात न लावता आधी नुसती चालवून कशी पाहावी. ती सोय 2011 मध्ये बंद झाली. तोवर पुष्कळांकडे इंटरनेट आले होते. आपल्या सरकारनेही 2005 मध्ये तमिळ आणि हिंदी लेखनासाठी फुकट सीड्या काढून मागणाऱ्याला टपालाने पाठवल्या आणि पुढे मराठीसाठीही अशी सीडी निघाली. सरकारी कामाला आपण नेहमी नावे ठेवतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

‘कोणत्या संगणकावर चालेल’ हे आधी सांगणे आम्हाला फार मोलाचे वाटते. पुष्कळ तक्रारींचे मूळ तिथेच असते. जुन्या संगणकावर नवे सॉफ्टवेअर चालत नाही, हे विक्रेत्याला माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते. म्हणून मागणी नोंदवण्याआधी आपण एक प्रश्न लिहून पाठवावा. आमचा संगणक अमुक आहे, त्यावर चालेल का, मुदत किती आणि मुदत संपल्यावर पुढच्या वर्षी किती पैसे लागतील? प्रश्न मराठीत लिहिला तरी चालतो, लाज बाळगू नये. सरळ उत्तर आले तर पुढे जावे. उत्तरच आले नाही, किंवा ‘लवकर घ्या, सवलत आज रात्री संपते’ एवढेच आले, तर आपले पैसे वाचले असे समजावे. विकण्याआधी ज्याला बोलायला वेळ नाही तो विकल्यावर काय बोलणार?

पार्सल दारात आले की उघडताना मोबाइलवर चित्रण करावे, चिकटपट्टी आधी नीट दाखवावी. पूर्वी व्हीपीने माल यायचा तेव्हाही पोस्टमनला पैसे दिल्यावरच खोके उघडायला मिळायचे. आजच्या कॅश ऑन डिलिव्हरीतही बहुधा तसेच असते, म्हणून चित्रणाचा उपयोग होतो. बिल कागदी नसेल तर मोबाइलवरचे जपून ठेवावे. किल्लीचा फोटो मात्र कोणालाही पाठवू नये, ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणून फोन करणाऱ्याला तर मुळीच नाही. आणि दूर बसून तुमचा संगणक दुरुस्त करतो असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला संगणकाचा ताबा देऊ नये. अशाने लोकांच्या बँकेतल्या ठेवी गेल्या आहेत.

शेजारच्या मुलीची तक्रार मिटल्याचे कळल्यापासून दोन-तीन घरांतून अशीच अडकलेली प्रकरणे आमच्याकडे आली आहेत. एक हिशोबाच्या सॉफ्टवेअरचे आहे, दुसरे मुलांच्या इंग्रजीच्या सीडीचे. ज्यांची आणखी असतील त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर अभ्यासिकेत यावे. येताना बिल, पार्सलचे रिकामे खोके आणि आजवर झालेला पत्रव्यवहार आणावा. खोके फेकून दिले असेल तरी या, पण पार्सल मिळाल्याची तारीख आठवून या. अर्ज आम्ही लिहून देऊ, सही तुमची.