नाव लांब, हाक छोटी

बाळ जन्माला येण्याआधीच घरात नावांच्या याद्या सुरू होतात. आजीला देवाचे नाव हवे असते, आत्याला राशीवरून आलेले आद्याक्षर सांभाळायचे असते, तर आईवडिलांना ओळखीत कुणाचेच नसेल असे नाव हवे असते. शेवटी बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात एखादे भारदस्त, चांगले पाचसहा अक्षरी नाव सांगितले जाते. घुगऱ्या वाटल्या जातात, पेढे होतात. पण महिन्याभरात घरात हाका ऐकू येतात त्या ‘सोनू’, ‘पिंट्या’ नाही तर ‘चिंगी’च्या! मग लांब नाव ठेवले, तर टोपणनाव अटळच आहे का?

खरे पाहता दोष लांबीचा नाही. हाक मारताना जिभेला दोन अक्षरे सोयीची वाटतात आणि शेवटचा स्वर ताणता आला, तर अंगणापर्यंत आवाज पोहोचतो. म्हणून पुरुषोत्तमचा ‘पुरू’ होतो, दत्तात्रयचा ‘दत्तू’ होतो. पण अवघ्या दोन अक्षरांच्या रामाचाही ‘राम्या’ होतोच आणि सचिनचा ‘सच्या’. एकच गणेश आईचा ‘गणू’ असतो, मित्रांचा ‘गण्या’ असतो आणि पुढे सासरी ‘गणेशराव’ होतो. हाकेतून नाते कळते. तेव्हा नाव आखूड ठेवल्याने टोपणनाव टळेल, ही आशा फोलच.

जुन्या घरांत टोपणनावाला आणखी एक कारण होते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत होती. पण सुनेने सासऱ्यांचे नाव उच्चारायचे नाही, हीही रीतच होती. मग स्वतःच्या मुलाला तिने हाक मारायची तरी कशी? त्यातून कितीतरी घरांत बाळ, बाबू, अण्णा, नाना वाढले. कधी हे घरगुती नाव मूळ नावावर मातही करते. लोकमान्य टिळकांचे नाव केशव. ‘बाळ’ ही घरातली हाक, पण इतिहासात नोंद झाली ती बाळ गंगाधर टिळक अशी. बंगाली कुटुंबांत तर ‘भालो नाम’ आणि ‘डाक नाम’, म्हणजे बाहेरचे आणि हाकेचे अशी दोन नावे ठेवण्याची पद्धतच आहे. सत्यजित राय घरच्यांसाठी ‘माणिक’ होते.

देवाचे नाव ठेवण्यामागचा हेतूही लक्षात घेण्यासारखा आहे. अजामिळाच्या कथेत मुलाला मारलेली ‘नारायण’ ही हाकच त्याला तारते. मुलाच्या निमित्ताने देवाचे नाव तोंडी यावे, ही त्यामागची श्रद्धा. आता त्याच नारायणाला दिवसभर ‘नाऱ्या’ म्हणायचे, तर पुण्य कुठल्या खात्यावर जमा व्हावे?

लांब नावाची खरी कसोटी लागते ती कागदावर. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याचा अनुभव असतो. मराठीत ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’च्या जवळचा, हिंदीत ‘ग्य’ असा; त्यामुळे ज्ञानेश्वरचे इंग्रजी स्पेलिंग पुण्यात एक होते आणि भोपाळमध्ये दुसरे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा आधार धरला जातो. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदपत्रांत नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायचे आहे. रकाना लांबणार हे गृहीत धरूनच स्पेलिंग ठरवावे आणि दाखल्यापासून सगळीकडे तेच वापरावे.

यात घाई करण्याचे मात्र कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. पण ती नावाशिवायही होते. नोंदणीनंतर बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तेव्हा मनात असलेले नाव महिनाभर घरात हाक मारून बघावे. ते कसे आखूड होते, आडनावाबरोबर कसे वाटते, हे आपोआप कळते.

टोपणनावाचे दोन प्रकार मात्र आईवडिलांनी वेगळे ओळखायला हवेत. मायेने आखूड झालेले नाव मूल आनंदाने मिरवते. ‘जाड्या’, ‘काळी’, ‘बुटक्या’ ही नावे नव्हेत, ती रोजची टोचणी असते. अशी हाक बहुधा घरातूनच, गमतीने सुरू होते. पाहुण्यांसमोर ती ऐकून सगळे हसतात, मूलही हसते. पण आतून ते मिटत जाते. घरच्यांनीच अशी हाक मारली, तर शाळेतल्या मुलांना कोणत्या तोंडाने बोलणार?

नाव आईवडिलांनी हौसेने ठेवावे, हवे तेवढे लांब ठेवावे. दिवसातून एकदा तरी ते पूर्ण उच्चारून मुलाला जवळ बोलवावे. आणि दहाबारा वर्षांच्या मुलाने ‘मला आता सर्वांसमोर पिंट्या म्हणू नका’ असे सांगितले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. नाव थोरांनी ठेवले असले, तरी ते आयुष्यभर वागवायचे असते त्यालाच.